आवक रजिस्टरातली मोकळी ओळ

१२ जून २०२५

आजपासून मी ‘जबाबदार एआय वापर कक्षा’चा समन्वयक. कुलगुरूंच्या सहीचा आदेश हातात पडला. कक्ष म्हणजे परीक्षा विभागामागची खोली. परवापर्यंत तिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, त्यांचा वास अजून आहे. पंखा चालतो, संगणक येणार आहे म्हणतात.

काम असं: विद्यार्थी आणि संशोधक एआय कशासाठी वापरतात त्याचे नियम करायचे, सगळ्यांकडून घोषणापत्रं भरून घ्यायची आणि कुणी नियम मोडला तर सुनावणी लावायची. स्टाफरूममध्ये लोक म्हणाले, “झावरे, तुम्ही तर यंत्रमानवांचे फौजदार झालात.” मीही हसलो. बिनकामाचं लोढणं माझ्या गळ्यात अडकवलंय हे मला कळतं. पण आदेशाची शेवटची ओळ कुणी वाचली नसावी. सुनावणी समितीचा सदस्य-सचिव मी आहे. प्रकरण कुणाचं घ्यायचं ते मी ठरवणार.

डॉ. श्रीमंत म्हस्के अधिष्ठाता आहेत आणि दिवाळीपर्यंत प्र-कुलगुरू होणार असं सगळे धरून चालतात. त्यांच्या हाताखाली आजही पीएचडीचे सहा विद्यार्थी आहेत. सहातल्या एकाचा तरी पाय घसरेलच.

१४ जून

हे एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःशी तरी खोटं बोलायला नको.

२०१२च्या दुष्काळात मी जामखेड-कर्जत भागातल्या बेचाळीस गुरांच्या छावण्या फिरलो. छावणीतच राहायचो, गुरांशेजारी झोपायचो, अडीचशे माणसांशी बोललो. म्हस्के सर माझे मार्गदर्शक. त्यांनी माझा अहवाल ‘जरा नजर टाकतो’ म्हणून नेला आणि दीड वर्षाने तो पुस्तक होऊन परत आला. नाव त्यांचं. त्याला पुरस्कार मिळाला, सत्कार झाला, सत्काराच्या खुर्च्या मी लावल्या. प्रस्तावनेत शेवटून दुसरी ओळ: ‘श्री. आदिनाथ झावरे यांचे सहकार्य लाभले.’

मी ओरडलो नाही, कारण माझी पीएचडी त्यांच्या सहीवर अडली होती. पुढे नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागली. त्यामुळे रोज नमस्कार करतो. मनात काय करतो ते इथे लिहायला नको.

२ जुलै

धोरणाचा मसुदा तयार. मशीननेच लिहून दिला. मी चार प्रश्न विचारले, पाच मिनिटांत एकवीस पानं आली. पारदर्शकता, उत्तरदायित्व, सगळं जागच्या जागी. यात गैर काही नाही. माझं काम समन्वयाचं आहे.

चोरी पकडणारं सॉफ्टवेअरही विद्यापीठाने घेतलंय. त्यात आमचं विद्यापीठगीत टाकून पाहिलं. त्र्याऐंशी टक्के मशीनने लिहिलेलं निघालं. गीत पस्तीस वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवायची नाही, माणसाच्या स्वतःच्या लेखी कबुलीवर ठेवायची.

एक कलम मात्र मी स्वतः बसून लिहिलं. सात (ई). ‘एआयच्या कोणत्याही वापरास मार्गदर्शकाची लेखी पूर्वपरवानगी आवश्यक. ती नसल्यास प्रबंध अपात्र ठरेल. असा वापर मार्गदर्शकाच्या तोंडी संमतीने झाल्याचे आढळल्यास मार्गदर्शक तीन वर्षे कोणतेही वैधानिक पद धारण करू शकणार नाही. हे कलम मौखिक परीक्षा बाकी असलेल्या सर्व प्रबंधांना लागू राहील.’

आमच्याकडे परवानगी लेखी कुणी देत नाही. ‘करा हो, मी आहे ना’ एवढ्यावर विद्यापीठ चालतं. म्हस्के तर याच वाक्यावर अधिष्ठाता झाले. आता त्याच वाक्याने खाली येतील.

९ जुलै

विद्यापरिषदेत धोरण मंजूर. कुणी वाचलं नाही. अनुमोदन म्हस्के सरांनी दिलं. वर म्हणाले, “झावऱ्यांनी कष्ट घेतलेत.” मी मान लववली.

२५ जुलै

चारशे बारा घोषणापत्रं आली. गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने फॉर्मच असा छापून ठेवलाय की ‘एआयचा वापर केला आहे का?’ पुढे ‘नाही’वर खूण आधीच केलेली. पोरं नुसती सही करतात. मार्गदर्शक त्यावर सही करतात. माझा कारकून गहिनीनाथ गठ्ठे बांधताना म्हणाला, “लई प्रामानिक विद्यापीठ हाय सर आपलं.”

चारशे अकरा ‘नाही’. एकच ‘होय’.

अश्विनी साळवे, समाजशास्त्र. मार्गदर्शक: डॉ. श्रीमंत म्हस्के.

मी तो कागद तीनदा वाचला. मग उठून खिडकीपाशी उभा राहिलो.

२८ जुलै

तिला बोलावून घेतलं. तिशी ओलांडलेली, शांत, पायात धुळीच्या चपला. सुप्याहून एसटीने आली होती. विषय: सुपा औद्योगिक वसाहतीतल्या कंत्राटी कामगार बायका. आई झुंबरबाई तिथेच पॅकिंगला आहे, सोळा वर्षं. अश्विनीने चौसष्ट बायकांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या. ते बोलणं कागदावर उतरवायला मोबाईलमधलं एक एआयचं ॲप वापरलं.

“मग गडबड झाली सर,” ती म्हणाली. “आई म्हणाली होती, ‘हात लई दुखत्यात, पन सांगायचं कुनाला.’ ॲपने लिहिलं, ‘हातांना खूप वेदना होतात, मात्र तक्रार कोणाकडे करावी हा प्रश्न आहे.’ चौसष्टच्या चौसष्ट बायका वकिलासारख्या बोलायला लागल्या. म्हणून सगळं रेकॉर्डिंग परत ऐकलं, प्रत्येक वाक्य हाताने दुरुस्त केलं. त्यात एक वर्ष गेलं. पण पहिली खेप मशीनची होती, तर ‘होय’ लिहायला पाहिजे ना?”

“सरांना विचारलं होतं?”

“हो. सर म्हणाले, कर, मी आहे.”

“लेखी?”

ती जरा हसली. “सर कधी लेखी देतात का?”

जाताना थांबली. म्हणाली, “धोरण पूर्ण वाचलं सर मी. दोन वर्षं मशीनचं मराठी वाचतेय, लगेच ओळखू येतं. सगळं गुळगुळीत आहे. सात ई तेवढं माणसाने लिहिलंय. त्यात राग आहे.”

एवढं बारकाईने माझं लिखाण आजवर कुणी वाचलं नव्हतं. दिवसभर बरं वाटत होतं.

२९ जुलै

तिची निकड समजली. कोल्हारजवळच्या एका महाविद्यालयात कायम जागा निघाली आहे. पंधरा सप्टेंबरला मुलाखत, पीएचडी मिळाल्याची अधिसूचना हातात लागते. मौखिक परीक्षा ऑगस्टअखेर ठरली आहे. सहा वर्षं तासिकेवर शिकवतेय. ही जागा गेली तर पुन्हा कधी निघेल सांगता येत नाही.

सुनावणीची नोटीस काढली. अश्विनी साळवे आणि डॉ. म्हस्के, दोघांनाही. तोवर मौखिक स्थगित.

३ ऑगस्ट

रेश्माला सांगितलं. बायको सावेडीच्या शाळेत आठवीला शिकवते, तिला गोष्टी सरळ कळतात. म्हणाली, “नियम तुम्ही जुलैमध्ये केलात. तिने ॲप दोन वर्षांपूर्वी वापरलं.”

“कलमात तशी तरतूद आहे.”

“ती तरतूद कुणी केली?”

मी जेवत राहिलो. मग ती म्हणाली, “तुम्हाला म्हस्क्यांना पाडायचंय, पाडा. पण ती मुलगी मधे उभी आहे.”

तिला बाजूला कसं काढायचं ते मी नंतर बघणार आहे. एकदा म्हस्के अडकले की समितीला सांगेन, विद्यार्थिनी प्रामाणिक आहे, समज देऊन सोडा. हे मी ठरवूनच ठेवलंय.

११ ऑगस्ट

गहिनीनाथ दार लावून घेऊन बोलायला बसला. तेवीस वर्षं आवक शाखा तोच सांभाळतोय, माझ्याकडे अर्ध्या वेळासाठी दिलाय. म्हणाला, “सर, त्या साळवेबाईंचं काम सोप्पं हाय. आपल्या आवक रजिस्टरात रोज संध्याकाळी एक वळ मोकळी सोडायची पद्धत हाय. म्होरं कुनाला मागच्या तारखेचं पत्र घुसवायचं आसंल तर सोय. २०२३ची बी वळ हाय शिल्लक. बाईंचा परवानगीचा अर्ज मागची तारीख टाकून घिऊ, म्हस्के सर ‘मान्य’ म्हनून सही करत्याल. त्येंचं बी झाकतंय, बाईंचं बी झाकतंय.”

मी या पद्धतीबद्दल ऐकून होतो. माझ्या स्वतःच्या नेमणुकीचं पत्रसुद्धा अशाच एका ओळीत बसलेलं आहे.

मी म्हणालो, “या कक्षाच्या नावात ‘जबाबदार’ हा शब्द आहे. रजिस्टरला हात लावलात तर तुमच्यावरही कारवाई होईल.”

तो म्हणाला, “बाई गरीब हाय सर.”

“नियम सगळ्यांना सारखा.”

हे बोललो तेव्हा छाती जरा फुगली होती. असं स्वच्छ वागायची संधी फार थोड्यांना मिळते.

२१ ऑगस्ट

सुनावणी झाली. सविस्तर लिहितो.

सकाळी कक्षाबाहेरच्या बाकावर झुंबरबाई बसल्या होत्या, मांडीवर डबा. कारखान्यातली पाळी बुडवून आल्या होत्या. मला बघून उठल्या. “साहेब, लेकीचं व्हईल ना वं?”

“नियमानुसार होईल.”

“नियमानं तर ती लई वागती,” त्या म्हणाल्या आणि परत बसल्या.

समितीचे अध्यक्ष निवृत्त प्राचार्य बिभीषण काकडे. अश्विनीने सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच. दोन रेकॉर्डिंग ऐकवली, कागदावर ॲपचं वाक्य आणि शेजारी बाईचं वाक्य दाखवलं. काकडे सर म्हणाले, “हे तर उत्तम काम आहे.” मग म्हस्क्यांना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

म्हस्के खुर्चीत मागे रेलले आणि हसून म्हणाले, “अहो, मीच सांगितलं तिला. म्हटलं, वापर, मी आहे. पोरांना अडवायचं कशाला?”

बारा वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो. शब्द न शब्द टिपून घेतला. मग काकडे सरांना म्हणालो, “सर, सात ई मोठ्याने वाचता का?” त्यांनी वाचलं. ‘तोंडी संमती’पाशी म्हस्क्यांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि यांना सगळं कळलं हे मला कळलं. मला ते हवंच होतं. नुसतं पाडून उपयोग नव्हता, कुणी पाडलं तेही त्यांना कळायला पाहिजे होतं.

काकडे सर म्हणाले, चहा घेऊ.

चहाला वीस मिनिटं लागतात. आज पन्नास लागली. म्हस्के परत आले ते एक कागद घेऊन. १८ सप्टेंबर २०२३चं पत्र, अश्विनीला लिहिलेलं, प्रत विद्यापीठ कार्यालयाला: ‘कोणतेही एआय साधन वापरण्यापूर्वी माझी लेखी परवानगी घ्यावी, अन्यथा जबाबदारी आपली राहील.’ वर आवक क्रमांक, शिक्का, त्या तारखेचा. म्हस्के म्हणाले, “वय झालं, विसरलो होतो. मघाशी बोललो ते सर्वसाधारण बोललो. लेखी ताकीद मी दिली होती. तिने ऐकलं नाही, याचं वाईट वाटतं.”

काकडे सर चष्मा पुसत म्हणाले, “२०२३ साली सुचलं तुम्हाला? द्रष्टे आहात.” पण कागदाला क्रमांक होता, आणि आमच्याकडे क्रमांकापुढे कुणी जात नाही.

अश्विनी उठली. “असलं पत्र मला न्हाई मिळालं सर. कदीच न्हाई.” आजवर ती माझ्यासमोर असं घरच्या बोलीत बोलली नव्हती. मग माझ्याकडे वळली. “सर, आत्ताच म्हनले ना हे? तुमी लिहून घेतलंय.”

मी म्हणालो, “इतिवृत्तात सगळं येईल.”

निर्णय: प्रबंध अपात्र, नव्याने नोंदणी. मार्गदर्शकावर ठपका नाही, इतिवृत्त कायम होण्याच्या अधीन राहून.

गहिनीनाथला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, “त्येंनी चहाच्या टायमाला रजिस्टर मागितलं. आधिष्ठात्याला मी न्हाई कसं म्हनू? तुमाला आदी इचारलं हुतं.”

२२ ऑगस्ट

अजून काही गेलेलं नाही. माझ्या टिपणात चहाआधीचं वाक्य आहे. ते इतिवृत्तात घातलं आणि रजिस्टर तपासायला लावलं तर ताजी शाईच बोलेल. म्हस्के संपतील आणि मुलगी सुटेल. दोन्ही एकाच वाक्यात. सोमवारी लिहायला बसतो.

२५ ऑगस्ट

म्हस्के सरांचा फोन. घरी चहाला बोलावलं. बारा वर्षांत प्रथम.

स्वतः दार उघडलं. टेबलावर ते छावण्यांचं पुस्तक होतं. मी या खात्रीने बसलो होतो की हा माणूस आता हात जोडेल. त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, “प्रकाशक नवी आवृत्ती काढतोय. मी म्हटलं, या वेळी दोघांच्या नावाने काढू. अकारविल्हे घेतलं तर झावरे आधी, म्हस्के नंतर. प्रस्तावनाही तुम्हीच लिहा. खरं काय ते लिहा, बेचाळीस छावण्या कोण फिरलं ते.”

मी पुस्तक उघडून प्रस्तावनेतली ती शेवटून दुसरी ओळ काढली.

मग बिस्किटाची बशी पुढे करत म्हणाले, “इतिवृत्त थोडक्यात असावं. निर्णय आणि कारण. चहाआधी कोण काय बोललं, ते काय, गप्पाच असतात.”

मी एक बिस्कीट उचललं. निघताना पुस्तक घेऊन आलो.

२७ ऑगस्ट

इतिवृत्त लिहिलं. दीड पान. कुणालाही हात लावू दिला नाही, मशीनलासुद्धा नाही, स्वतःच्या हाताने लिहिलं.

विचार केला तर जिंकलो मीच. म्हस्के शरण आले. ज्या माणसाने माझं नाव खाल्लं त्यालाच ते मुखपृष्ठावर छापावं लागतंय, तेही स्वतःच्या नावाच्या आधी. प्र-कुलगुरू झाले तरी हे पुस्तक रोज त्यांच्या कपाटात उभं राहणार. याहून मोठा सूड काय असतो? पदावरून माणूस आज ना उद्या उतरतोच.

रेश्माला सांगितलं. तिने विचारलं, “आणि ती मुलगी?”

“कलम अकराप्रमाणे तिला पुन्हा नोंदणी करता येते. कामाचा दर्जा चांगला आहे, मी तसं शिफारसपत्र देईन.”

रेश्माने समोरचा वह्यांचा गठ्ठा ओढला आणि तपासायला लागली. तिला विद्यापीठातलं राजकारण कळत नाही.

१ सप्टेंबर

इतिवृत्त कायम. काकडे सर सही करताना म्हणाले, “मला वाटतं, म्हस्के आधी काहीतरी वेगळं बोलले होते.”

मी म्हणालो, “माझ्या टिपणात नाही, सर.”

८ सप्टेंबर

गहिनीनाथने आजारपणाची रजा टाकली आहे. आवक रजिस्टर जुनं झालं म्हणून शुक्रवारीच बदललं. पुस्तकाची मुद्रितं मंगळवारी येणार.

१६ सप्टेंबर

अश्विनी साक्षांकित प्रत घ्यायला आली. कोल्हारजवळच्या त्या जागेची मुलाखत काल होती. तिने त्याचा विषय काढला नाही, मीही विचारलं नाही.

मी प्रत दिली. तिने उभ्याउभ्याच वाचली, दीड पान, दोनदा. मग म्हणाली, “सर, म्हस्के सर चहाच्या आधी जे बोलले ते यात नाही.”

“इतिवृत्त संक्षिप्त असतं.”

“हे मशीनने लिहिलंय का?”

मला राग आला. “मी लिहिलंय. शब्द न शब्द.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “मशीनवर डूख धरता येत न्हाई.”

आवाज चढला नव्हता. शिफारसपत्राचं पाकीट मी पुढे केलं, तिने घेतलं नाही. पिशवीतून एक वही काढली, माझ्याच टेबलावर ठेवली आणि पेनाचं टोपण काढलं. “तुमचं पूर्ण नाव सांगा सर. वडिलांच्या नावासकट.”

मी सांगितलं. का सांगितलं ते माहीत नाही. तिने सावकाश लिहिलं, खाली आजची तारीख घातली, वही मिटली आणि वर पाहिलं.

ती नजर मला नवी नव्हती. बारा वर्षं रोज सकाळी दाढी करताना मी ती आरशात बघत आलो आहे.